नाही म्हणायचं काम

हे प्रकरण मला गाळायचं होतं. आईला फोनवर तसं म्हटलंही, की शाळेची शेवटची वर्षं दोन पानांत उरकून टाकते. आई म्हणाली, "एक तर आत्मकथन लिहायचं तुझं वय नाही. आणि लिहायचंच असेल तर बाबांच्या हिमालयाचं लिही. तू त्यांना वाचवलंस ते लिही." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर आठवडाभर वहीला हात लावला नाही. आता लिहिते आहे, आणि जसं झालं तसंच लिहिते आहे. आई वाचेल तेव्हा वाचेल.

सिंगापुरात बिशानला आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. बाबा आठवडाभर चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या ऑफिसात बसून असत आणि शनिवार-रविवारी सकाळी त्याची भरपाई जिन्यावर करत. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाच-पाच किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि पायात बर्फावर चालायचे जाडजूड बूट. तळमजल्यापासून पंचविसाव्या मजल्यापर्यंत वर, मग खाली, मग पुन्हा वर. सहा फेऱ्या. मी अंथरुणातून ते बूट ऐकत असे. आधी खालून धप धप, मग आमच्या दारासमोरून जाताना जरा जोरात, मग वर विरत गेलेले. मधूनच शेजारच्या गोह आंटीचा आवाज यायचा, "अंकल, लिफ्ट स्पॉइल अह?" बाबा धापा टाकत म्हणायचे, "नो नो आंटी, गोइंग हिमालया!" त्यावर आंटीचं ठरलेलं उत्तर, "आय्यो, हिअर सो नाइस अँड वॉर्म, व्हाय यू गो कोल्ड प्लेस लाह." आईला भात लावायचा असला की तांदूळ सॅकमधून काढावे लागत. "अहो, निदान एक पिशवी तरी घरात ठेवा," ती म्हणायची. मग बाबा शिजणाऱ्या भाताच्या वजनाचं पाणी सॅकमध्ये वाढवायचे. असा माणूस.

तरुणपणी बाबा पुण्याच्या ट्रेकिंगवाल्यांपैकी. दिलीपकाका त्यांचा तेव्हापासूनचा जोडीदार, पुण्यात हार्डवेअरचं दुकान, बोलणं मोठ्यानं आणि मन त्याहून मोठं. दोघांनी विशीत हिमाचलातली एक खिंड हिवाळ्यात ओलांडायचा प्रयत्न केला होता. खिंडीखालच्या उतारावर बर्फ सुटला आणि दोघांना शंभर-दीडशे फूट खाली घेऊन गेला. नाकातोंडात बर्फ, एकाची बरगडी, दुसऱ्याचा खांदा, पण वाचले. बाबा ती गोष्ट सांगताना बर्फाबद्दल थोडंच बोलत. ते म्हणत, "सई, आम्हाला दोघांनाही सकाळपासून वाटत होतं की आज जाऊ नये. दिलीपला वाटत होतं, मला वाटत होतं. आणि दोघेही गप्प. एवढ्या लांब आलोय, आता 'नको' म्हणायचं कुणी?" ती खिंड बाबांच्या मनातून कधी गेली नाही. नोकरी, लग्न, सिंगापूर, तिथे कायम राहायचा परवाना, मी, सगळं झालं, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी दिलीपकाकांना फोन करून सांगितलं की गुडघे आहेत तोवर एकदा जाऊन येऊ. ही शेवटची संधी आहे, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

या खेपेला बाबांनी एक नियम केला. जायचं की नाही याचा शेवटचा शब्द उतारावरच्या माणसाचा नसेल. बँकेत जो कर्ज विकतो तो ते मंजूर करत नाही, तसंच इथेही. "डोंगराखाली उभ्या असलेल्या माणसाला डोंगर चढायचाच असतो," ते म्हणाले. "म्हणून 'नाही' म्हणायचं काम अशा माणसाकडे हवं, ज्याला त्यातून काही मिळवायचं नाही आणि काही गमवायचं नाही." आई लगेच म्हणाली, "माझ्याकडे द्या, मी आत्ताच नाही म्हणते!" तिचा पत्ता तिथेच कटला. मग राहिले मी. सोळा वर्षांची, जन्मात बर्फ न पाहिलेली, फ्रीजरमधला सोडला तर. बाबांना तेच हवं होतं. त्यांनी मला एक वही दिली आणि नियम स्वतःच्या हाताने पहिल्या पानावर लिहिला. सईने 'नाही' म्हटलं तर परत फिरायचं. कारण विचारायचं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. कारण विचारलं की माणूस पुढच्या वेळी कारण सापडेपर्यंत गप्प बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. दिलीपकाकांनीही स्काइपवर हात वर करून शपथ घेतली. "तू म्हणशील ती पूर्वदिशा, सईबाई!"

मला बर्फ शिकवायला बाबांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. परातीत ओलसर तांदळाची पिठी दाबून बसवायची, त्यावर कोरड्या साबुदाण्याचा पातळ थर, त्यावर पुन्हा पिठी. मग सुरीने चारी बाजूंनी कापून मधला एक चौकोनी खांब मोकळा करायचा. बर्फात खड्डा खणून नेमकं हेच करतात. खांबाच्या डोक्यावर फावड्याचं पातं ठेवून हाताने ठोके द्यायचे. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या ठोक्याला खांब तुटतो ते मोजायचं आणि कसा तुटतो ते बघायचं. फावड्याऐवजी आमच्याकडे उलथनं होतं. मनगटातून पाचव्या ठोक्याला वरची पिठी साबुदाण्यावरून सरळ घसरून ओट्यावर आली आणि बाबा लहान मुलासारखे ओरडले, "बघितलंस? हे म्हणजे मरण! बर्फातही असा रवाळ थर असतो, वरून दिसत नाही." पुढच्या वेळी साबुदाण्याशिवाय केलं. खांब बाविसाव्या ठोक्याला तुटला आणि तोही वेडावाकडा, ठिकऱ्या होऊन. "हे चालेल," बाबा म्हणाले. तेव्हापासून आमच्या भाषेत त्या दगाबाज थराचं नाव साबुदाणा. आई कमरेवर हात ठेवून उभी होती. "किलोभर पिठी वाया घालवलीत बापलेकीने. आता याचं मी काय करू?" रात्री जेवायला घावन होते. त्यात मधूनच कचकचीत साबुदाणा लागत होता आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत हसत होतो. माझ्या बालपणातलं सगळ्यात आनंदाचं जेवण विचाराल तर ते.

हे सगळं चालू असताना माझं दुसरंच एक प्रकरण चाललं होतं. शाळा सुटल्यावर फिजिक्सचे जादा तास असत आणि मी ते बुडवत होते. मुलं किंवा मॉल अशी काही भानगड नव्हती. मी बिशानच्या लायब्ररीत जाऊन गोष्टींची पुस्तकं वाचत बसे. एवढंच. फिजिक्स डोक्यात शिरत नव्हतं, आणि सगळ्यांसमोर ते शिरत नाही हे दिसत राहायचं, त्याची लाज वाटायची. शाळेतून चिठ्ठ्या यायच्या, पालकांची सही आणा. मी बाबांची सही करून द्यायचे. चार चिठ्ठ्या झाल्या. बाबा निघाल्यावर पुढच्याच सोमवारी वर्गशिक्षिका मिस टान यांनी मला थांबवलं आणि चारही चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. आवाज चढवला नाही. "फादर ऑर मदर मस्ट कम टू स्कूल, यू चूज. बाय फ्रायडे. नाहीतर मी घरी फोन करीन." आईला सांगायचं? आमची आई वाईट नव्हती हो. पण तिचा राग म्हणजे पंधरा दिवसांचा अबोला आणि त्यानंतर वर्षभर टोमणे. बाबा दहा मिनिटं रागावून मोकळे होत. मला बाबा हवे होते. आणि बाबा होते हिमाचलात, खिंडीखालच्या शेवटच्या वस्तीत.

त्या वस्तीत फोनला रेंज फक्त एका गोठ्यामागे मिळायची, तीही मेसेजपुरती. रोज दुपारी बाबा, दिलीपकाका आणि तिथला वाटाड्या उतारापर्यंत जात, खड्डा खणत, ठोके देत आणि परत येऊन मला मेसेज करत. आमच्याकडे तेव्हा साडेचार-पाच वाजलेले असत. मी वहीत उतरवून घ्यायचे आणि उत्तर द्यायचे. खिंड ओलांडली की पलीकडे चार दिवस रेंज नाही, म्हणजे नाहीच. रविवारी मेसेज आला, नवा बर्फ गुडघाभर, वारा जोरात, आठ ठोके, सरळ सरकलं. मी 'नाही' लिहिलं. सोमवारी पंधरा ठोके, वारा थोडा. मी पुन्हा 'नाही' लिहिलं, आणि तेही बरोबर होतं, ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. दिलीपकाकांनी खाली स्वतःची ओळ जोडली होती, "सईबाई, म्हाताऱ्यांवर दया करा." रजेचा हिशेब मला पाठ होता. बुधवारी पहाटे निघाले तरच खिंड, नाहीतर परत.

मंगळवारचा मेसेज अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आकाश साफ. वारा नाही. थंडी कडक. चोवीस ठोके, तुटलं ते वेडंवाकडं. साबुदाणा सापडला नाही. आवाज नाही, तडा नाही, आसपास कुठे काही सुटलेलं नाही. आणि शेवटी बाबांनी लिहिलं होतं, "आज फार सुंदर दिसतेय." मी तो मेसेज वाचला आणि खरंच टाळी वाजवली. झालं! जाणार! आणि पुढच्याच क्षणी शुक्रवार आठवला. बाबा खिंड ओलांडून गेले तर रेंजमध्ये येणार रविवारी, घरी येणार मंगळवारी. परत फिरले तर शुक्रवारी सकाळी चांगी विमानतळावर. मी बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. स्वयंपाकघरात आई कुकरच्या शिट्ट्या मोजत होती आणि मोठ्याने विचारत होती, "आला का गं मेसेज? काय म्हणतात?" मी म्हटलं, "थांब, बघतेय." मग मी 'नाही' लिहिलं आणि पाठवून दिलं. अर्ध्या मिनिटाचं काम. कुणी मला कारण विचारणार नव्हतं, नियमच होता तसा. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "ठीक. फिरतो." एवढंच. मी आईला सांगितलं की मी नाही म्हटलं, आणि आई ओट्याला टेकून रडायलाच लागली, आनंदाने. तेव्हा मला पहिल्यांदा कसंतरी झालं, पण मी ते वहीसकट मिटून टाकलं.

मी स्वतःला किती वेळा विचारलं आहे की त्या पोरीला त्या वेळी काय वाटत होतं. भीती वाटत होती, असं म्हणायला मला आवडलं असतं. वडील डोंगरावर, पोर घाबरली, कुणीही समजून घेईल. पण भीती बाबांची नव्हती, आईच्या टोमण्यांची होती. टोमणे! माझा बाप दोन वर्षं तांदूळ पाठीवर घेऊन जिने चढला आणि मी त्याची खिंड चार चिठ्ठ्यांना विकली.

शुक्रवारी बाबा उतरल्या उतरल्या मी त्यांना फोन केला आणि ते विमानतळावरून सरळ शाळेत आले. ओठ फुटलेले, नाक सोललेलं, डोळ्यांभोवती गॉगलची पांढरी वर्तुळं. मिस टान क्षणभर बघतच राहिल्या. बाबांनी चारही चिठ्ठ्या नीट वाचल्या, सॉरी म्हणाले, आम्ही घरी बघतो म्हणाले. बाहेर येऊन ते बसस्टॉपवर थांबले. मग म्हणाले, "सही तू माझ्यापेक्षा बरी करतेस." मी रडायला लागले. ते म्हणाले, "फिजिक्स जमत नाही, एवढंच ना? मग ते सांगता आलं नाही तुला घरात, हे आमचंही चुकलं. आईला मी सांगतो, माझ्या पद्धतीने." बस आली, गेली, आम्ही बसलो नाही. सगळं सांगायची हीच वेळ होती. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, राग संपला होता, मी रडतच होते, आणखी एक वाक्य बोलले असते तर त्यातच वाहून गेलं असतं. नाही बोलले. त्यांनीही मंगळवारचं अवाक्षर काढलं नाही, कारण तो नियम त्यांनी स्वतः लिहिला होता.

रविवारी दुपारी दिलीपकाकांचा पुण्याहून फोन आला. बाबा परत फिरल्यावर दोन दिवसांनी तिकडे बर्फ पडायला लागला होता, आणि शनिवारी तो अख्खा उतार सुटून खाली आला होता. वाटाड्याने कळवलं होतं. फोन स्पीकरवर होता. काका नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "तुझ्या पोरीने वाचवलं रे आपल्याला!" आईने मला इतकं घट्ट धरलं की श्वास घेता येईना. तिने देवापुढे निरांजन लावलं, गोड म्हणून शिरा केला. मला हिशेब कळत होता. नव्या बर्फाने सुटला तो. बुधवारी सुटला नव्हता, बुधवारी तिथे तिघं चालत जाऊन पलीकडे उतरले असते आणि शनिवारी कुठल्या तरी गावात चहा पीत बसले असते. बाबांनाही हा हिशेब कळत असणारच, बँकेतल्या माणसाचा धंदाच तो. पण बाबांनी मनाशी वेगळं जुळवलं होतं. गणपतीत मंडळाच्या जेवणात पंगतीला बसून ते सांगत, "आकडे सगळे चांगले होते, बरं का. मी असतो तर गेलोच असतो. पण हिला काहीतरी खटकलं. अडीच हजार मैलांवरून! मी अजून विचारलेलं नाही काय खटकलं ते." बायका माझ्या गालाला हात लावत. कुणीतरी पानात आणखी एक मोदक वाढे. मी खाली मान घालून खाई, आणि सगळ्यांना वाटे, किती नम्र मुलगी.

पुढच्या वर्षी दिलीपकाकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्याच्या पुढच्या वर्षी बाबांचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी जिने बंद सांगितले आणि बाबा पहिल्यांदा लिफ्टने घरी आले. सॅक माळ्यावर गेली. खिंडीबद्दल त्यांच्या बोलण्यात खंत अशी कधी दिसली नाही, हेच मला जास्त बोचायचं. "नशिबात नव्हती," ते म्हणत, "पण लेकीने जीव परत मिळवून दिला, सौदा काही वाईट नाही." मी तेवढ्यापुरती खोलीबाहेर जायचे.

आता आई-बाबा सिंगापुरातच बेडोकला राहतात. गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी मी आणि बाबा तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांमधल्या टेबलाशी, बसलो होतो. आई बाजारात मेथी शोधत होती. बाबांसमोर कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि नारळाचा गोड जॅम लावलेला काया टोस्ट. शेजारच्या टेबलावर त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ, नुकतेच पुण्याहून मुलाकडे आलेले. बाबांनी त्यांना ती गोष्ट सांगायला सुरुवात केली, उतार, ठोके, साबुदाणा, आणि मग माझ्याकडे हात करून, "हीच ती." गृहस्थांनी मला चक्क नमस्कार केला. ते उठून गेले आणि माझ्याच्याने राहवेना. एवढी वर्षं गिळलं ते तेवढ्यात बाहेर आलं. मी म्हटलं, "बाबा, मला काही खटकलं नव्हतं." आणि मग सगळं. मिस टान, शुक्रवार, बोटांवर मोजलेले दिवस. भडाभडा बोलले मी. मला वाटत होतं, ते रागावतील, किंवा हसतील, किंवा नेहमीसारखं माझ्या बाजूने काहीतरी म्हणतील. मला मोकळं व्हायचं होतं. खरं सांगायचं तर मी फक्त माझाच विचार करत होते, सोळाव्या वर्षी केला तसाच.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "काहीच खटकलं नव्हतं?"

"नाही."

"तापमान? वारा?"

"नाही बाबा. सगळं चांगलं होतं. चोवीस ठोके होते."

"चोवीस," ते म्हणाले. "हो. चोवीसच होते." मग त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ समोरच्या दुकानातल्या वाफेकडे बघत राहिले. तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ती खिंड त्या दिवशी बंद होती. त्या समजुतीवर ते सुखाने म्हातारे झाले होते, आणि मी एका रविवारी कोपीच्या टेबलावर तीही काढून घेतली.

"म्हणजे झालं असतं गं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. एखाद्या मुलाने म्हणावं तसं म्हणाले. "आम्ही पोचलो असतो."

आई मेथीची जुडी घेऊन आली आणि म्हणाली, काय बापलेक गप्प बसलेत. बाबा म्हणाले, काही नाही, ऊन वाढलंय, चला. त्यांनी आईला काही सांगितलं नाही, आजपर्यंत नाही, आणि माझ्याशी ते पूर्वीइतक्याच प्रेमाने बोलतात. फक्त ती गोष्ट त्यांनी त्यानंतर कुणालाच सांगितलेली नाही. मागच्या गणपतीत कुणीतरी आग्रह केला, "अहो, ते लेकीने वाचवलं ते सांगा ना," तेव्हा बाबा म्हणाले, "जुनं झालं ते," आणि पानातला भात कालवत राहिले.